वेणूची दुसरी इच्छा

जुन्नरच्या एसटी स्टँडच्या भिंतीला लागून एक इवलंसं फुलांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक गोणपाट आणि त्यावर ओल्या फडक्याखाली झाकलेली फुलं! पिवळीधमक शेवंती, पांढराशुभ्र मोगरा, गुलाबी गुलाबी कण्हेर. त्या गोणपाटावर वेणू आणि तिची आई बसायच्या. वेणूचे बाबा ती अगदी तान्ही असतानाच देवाघरी गेले होते. शाळा सुटली की वेणू धावत यायची, मांडी घालायची आणि भराभर गजरे करायची. दोऱ्याने तिची चिमुकली बोटं कापली जायची. न खपलेली फुलं संध्याकाळपर्यंत मलूल व्हायची, आणि ती टाकून देताना आईचं तोंड एवढंसं व्हायचं.

शेजारी पुस्तकांचं चकचकीत दुकान होतं. त्या दुकानदाराची मुलगी केतकी वेणूच्याच वर्गात होती. केतकीपाशी जपानी चित्रकथांची थप्पीच्या थप्पी होती. मोठ्ठाल्या टपोऱ्या डोळ्यांच्या मुली, वाऱ्यावर भुरभुरणारे केस, पानोपानी चांदण्या! त्यातली एक वेणूला फार फार आवडायची. आपल्यासारखीच एक आजची मुलगी हजारो वर्षं मागे जाते आणि तिथला राजकुमार तिच्यावर भाळतो, अशी ती गोष्ट होती. केतकी वाचायची आणि वेणू तिच्या खांद्यावरून डोकवायची. ऐन रंगात आलं की केतकी पटकन पुस्तक मिटायची.

मग वेणूला असा हेवा वाटायचा, असा हेवा वाटायचा, की पोटात दुखायचं. वेणू गुणाची पोर होती. पण गुणाच्या मुलींना हेवा वाटत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा माझ्याकडे यावं, मी सांगते त्याला!

एकदा आईने वेणूला गावाबाहेरच्या जुन्या बागेत मोगऱ्याच्या कळ्या आणायला पाठवलं. सोनेरी ऊन पानापानांवर लोळत होतं. वेणूने फांदी हातात धरली आणि तिला इवलासा रडका आवाज आला, “ओढू नकोस गं!”

बघते तर काय, फांदीवर करंगळीएवढी परी! अंगात चंदेरी झगा, पायांत दवाचे पैंजण. तिचा निळसर पंख कोळ्याच्या जाळ्यात पुरता गुरफटला होता. वेणू खाली बसली. तिने हलक्या हाताने जाळ्याचा एकेक धागा सोडवायला घेतला. ऊन कलत चाललं, कळ्या काढायच्या राहिल्या. आई रागावणार हे तिला ठाऊक होतं, पण घाई केली असती तर तो नाजूक पंख फाटला असता.

“सुटले गं बाई!” परीने गिरकी घेतली आणि ती वेणूच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली. “सोनुले, तुला मी दोन इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं. मला नवीन काही घडवता येत नाही. मी एकाकडचं उचलते आणि दुसऱ्याकडे ठेवते, एवढंच. म्हणून ज्याच्याकडचं उचलायचं, त्याच्यासमोर जायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मोठ्याने मागायचं. मनातल्या मनात मागितलेलं मला ऐकूच येत नाही.”

“मला जुन्या काळात जायचंय,” वेणू एका दमात म्हणाली. “राजकुमार असतो ना, तिथं!”

परी हसली. “जुना काळ कुणा एकाच्या मालकीचा नाही. त्यासाठी कुणाच्या डोळ्यांत बघायला नको. जा खुशाल. दुसरी इच्छा पुरी झाली की मी तुला घ्यायला येईन. तोवर इथे तुझ्या आईने दिवासुद्धा लावलेला नसेल. मीट डोळे!”

वेणूने डोळे मिटले, उघडले. डोंगर तेच होते, पण त्यांच्या अंगावर हिरवंगार दाट रान होतं. कातळात लेणी कोरणाऱ्यांच्या छिन्न्या टणटण वाजत होत्या. घाटातून बैलांचे तांडे घुंगरं वाजवत चढत होते. आणि वेणू उभी होती ती थेट राजाच्या बागेत! लालचुटूक पळस, निळी कमळं, मोरच मोर!

“कोण गं तू?” कुणीतरी विचारलं. “समुद्रापारच्या यवनांच्या गलबतातून उतरलीस की काय?”

तो होता कुमार जयनाग. कानांत मोत्यांची कुंडलं, खांद्यावर केशरी शेला.

“मी जुन्नरची,” वेणू म्हणाली.

“ते कुठे आलं?”

“हे काय, इथंच!”

जयनाग खो खो हसला. तो फार हसरा होता. तिथल्या माळिणीने वेणूचा झरझर चालणारा हात पाहिला आणि तिला आपल्याजवळ ठेवून घेतलं. जयनाग रोज सकाळी फुलं घ्यायच्या निमित्ताने यायचा, वेणूला “चिमणे” म्हणायचा, आपल्या गावच्या गमती सांगायचा, तिच्या ओंजळीत खजूर ठेवायचा. वेणूने मनाशी पक्कं केलं, हाच माझा राजकुमार! ती दहा वर्षांची आणि त्याला चांगल्या मिशा फुटलेल्या, हे काही तिने लक्षातच घेतलं नाही.

आणि एके सकाळी जयनाग आला तो पडेल चेहऱ्याने.

“चिमणे, उद्या राजकन्या मदयंतीचं स्वयंवर. मी त्यासाठीच तर आलोय. पण ती समोर आली की माझी दातखीळ बसते. तुझ्याशी बघ कसा भडाभडा बोलतो. तिच्यापुढे मात्र नुसता पायांकडे बघत राहतो. काय करू गं?”

वेणूच्या हातातली चाफ्याची फुलं खाली पडली. म्हणजे हा इतके दिवस हसला, बोलला, खजूर दिले, आणि याच्या मनात दुसरीच? पुस्तकात तर राजकुमार आजच्या मुलीवर भाळतो! ही राजकन्या मध्येच कुठून उपटली? त्या दिवशी तिला खजूर कडू लागले. मदयंती दुरून जाताना दिसली. मोरपिशी रेशीम, पायांत रुणझुणती नूपुरं. वेणूला तिचं रेशीम आवडलं नाही, नूपुरं आवडली नाहीत, तिची चालसुद्धा आवडली नाही.

“माझी एक इच्छा शिल्लक आहे,” ती स्वतःशीच पुटपुटली. “कुमारांचं तिच्यावरचं प्रेम उचलायचं आणि माझ्याकडे ठेवायचं. झालं!”

पण ते मागायला मदयंतीच्या समोर जायला हवं होतं.

स्वयंवराच्या दिवशी सकाळी वेणू कमळांच्या तळ्यावर गेली. मदयंती सगळा साजशृंगार करून एकटीच पायरीवर बसली होती. काय मागायचं ते वेणू वाटेत पुन्हा पुन्हा घोकत आली होती. ती समोर जाऊन उभी राहिली, मदयंतीच्या डोळ्यांत बघितलं आणि थबकली. ते सुंदर डोळे रडून रडून लाल झाले होते.

“तू ती फुलं गुंफणारी ना?” मदयंतीने विचारलं. “कुमार जयनाग रोज जिच्याशी हसत बोलतात, ती?”

वेणूने मान हलवली.

“मला तुझा हेवा वाटतो गं. इतका की पोटात दुखतं. मी वरच्या सज्ज्यातून बघते तुम्हाला. तुझ्याशी ते किती बोलतात! माझ्यापुढे आले की मान खाली, एक शब्द नाही. मी त्यांना आवडतच नाही. आज मी माळ कुणाच्या तरी दुसऱ्याच गळ्यात घालणार आहे.”

वेणू बघतच राहिली. हिला, राजकन्येला, माझा हेवा? विटक्या फ्रॉकमधल्या, बोटं चिरलेल्या वेणूचा? आजवर वेणूचा हेवा कुणीच केला नव्हता. खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. चांगला गुदगुल्या होण्याइतका आनंद झाला. आणि आता इच्छासुद्धा मागायला नको होती! नुसतं गप्प बसलं तरी झालं. मदयंती माळ दुसऱ्याला घालील आणि जयनाग उद्याही येईल, “चिमणे” म्हणेल.

वेणू गप्प बसली. थोडा वेळ बसलीच.

“मग रडताय कशाला?” अखेर तिने विचारलं.

“कारण मला तेच हवे होते,” मदयंती म्हणाली आणि तिने तोंड ओंजळीत लपवलं.

पोटात दुखतं म्हणजे कसं दुखतं, हे वेणूइतकं कुणाला माहीत असणार? तिला राहवेना.

“अहो ताई, तुम्हीच आवडता त्यांना! तुम्ही दिसलात की दातखीळ बसते त्यांची. मला सांगितलंय त्यांनी!”

मदयंतीने डोळे पुसले. “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. गुणाची आहेस. पण जा आता, मला मंडपात जायचंय.”

तिला काही केल्या पटेना. आता काय करावं? वेणूला परीचा नियम आठवला. एकाकडचं उचलायचं आणि दुसऱ्याकडे ठेवायचं. मदयंतीला हवं होतं ते वेणूकडेच तर होतं! आणि ते वेणूकडून उचलायचं, तर वेणूच्याच डोळ्यांत बघायला हवं.

ती तळ्यावर वाकली. पाण्यातून दोन वेण्यांची एक बारीकशी मुलगी तिच्याकडे बघत होती. त्या मुलीला हे मुळीच पसंत नव्हतं.

“हे बघ वेणू,” वेणू हळूच म्हणाली. मग नियम आठवून तिने मोठ्याने म्हटलं, “कुमारांचं आपल्याशी मोकळं हसणं, मोकळं बोलणं, सगळं सगळं आपल्याकडून जाऊ दे. ते मदयंतीताईंना मिळू दे!”

पाण्यावर एक चंदेरी लहर सुळकन गेली.

तेवढ्यात जयनाग झपझप पायऱ्या उतरत आला. तो तिच्याजवळ थांबला, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “मुली, जरा वाट देतेस?”

वेणू बाजूला झाली.

तो मदयंतीपाशी गेला आणि बोलायला लागला, बोलायला लागला, तो थांबेचना! आपल्या गावच्या गमती, घाटात रुसून बसलेला त्याचा हट्टी बैल, पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा तो कसा कारंज्यात पडणार होता ते! मदयंती आधी दचकली, मग हसली, मग दोघंही हसू लागली. वेणू चाफ्याच्या झाडामागे उभी राहून ऐकत होती. गावच्या त्या गमती तिला आधीच ठाऊक होत्या. तिला खूप हेवा वाटला आणि ती खूप रडली.

सनई-चौघडे झडले, गुलाल उधळला, आणि भर मंडपात मदयंतीने माळ जयनागच्या गळ्यात घातली. टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. तो विरायच्या आत मदयंती पुढे आली. तिने गर्दीतून वेणूला शोधून काढलं, हाताला धरून वर नेलं आणि आपल्याजवळ बसवलं.

“बाबा,” ती राजाला म्हणाली, “तळ्याकाठी हिने काय मागितलं ते मी ऐकलंय. स्वतःचं होतं ते हिने मला दिलं. आजपासून ही माझी धाकटी बहीण.”

जयनागला काही कळलं नाही, पण त्यानेही हसून हात जोडले. वेणूला ते परकेपण अजून टोचलं. पण मदयंतीने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

एवढ्यात मोगऱ्याचा घमघमाट सुटला. वेणूच्या खांद्यावर परी येऊन बसली होती. ती कुणालाच दिसत नव्हती, फक्त वेणूला दिसत होती.

“किती जण भेटले मला,” परी म्हणाली. “तिचं मला दे, त्याचं मला दे! आपल्याकडचं उचल असं सांगणारी तू पहिली, सोनुले.”

“पण मला अजून हेवा वाटतोय,” वेणू मुसमुसत म्हणाली.

“वाटू दे की. वाटत असूनही दिलंस ना? मला नवीन काही घडवता येत नाही, पण माझं स्वतःचं तर देता येतं!” परी उडत वेणूच्या चेहऱ्यासमोर आली. वेणूच्या ओल्या डोळ्यांत परीचं इवलंसं रूप दिसत होतं. त्या रूपाच्या डोळ्यांत बघत परी मोठ्याने म्हणाली, “माझ्याकडचा ताजेपणा हिच्या बोटांत जाऊ दे!”

वेणूची चिरलेली बोटं मऊमऊ झाली. परीचा झगा उजळला, पंख उजळले, मग निळा, सोनेरी, शुभ्र असा लख्ख उजेड झाला.

“तू संपलीस का गं?” वेणू घाबरून ओरडली.

“वेडी गं वेडी! सकाळी कळीत माझा ताजेपणा पुन्हा भरून येईल!” उजेडातून हसू आलं, आणि त्या झगमगाटात परी विरून गेली.

डोळे उघडले तेव्हा समोर गोणपाट होतं आणि आई काडी ओढून दिवा लावत होती.

“कुठं गेली व्हतीस गं? आन् कळ्या कुठायत?”

वेणूने उत्तर न देता टोपलीतल्या मलूल शेवंतीला हात लावला. फुलं टवटवीत झाली. तिने मोगरा हातात घेतला, तो दरवळू लागला. आई तोंडाला पदर लावून बघतच राहिली. आता एकही फूल टाकून द्यावं लागणार नव्हतं. हसावं की रडावं हेच आईला कळेना.

मग वेणूने सगळं सगळं सांगितलं. परी, राजकुमार, तळं आणि शेवटी, “आई, मला ताई मिळाली! ती म्हणाली, मी तिची धाकटी बहीण. तिनं ना, माझा हात शेवटपर्यंत सोडलाच नाही!”

आईने गजऱ्याचा दोरा जरा जोरातच ओढला.

“लई माया लावली म्हणायची तिनं.”

“लई!”

“मंग ऱ्हायचं व्हतं की तिथंच, राजवाड्यात,” आई म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

वेणू उठली, आईच्या समोर जाऊन बसली आणि तिने आईच्या डोळ्यांत बघितलं.

“आई, तुला हेवा वाटतोय?”

“मला? छट्!” असं म्हणत आईने तिला ओढून अशी घट्ट छातीशी धरली, की वेणूच्या वेणीची रिबीनच सुटून गेली.