चिमटूचा शंख आणि आईसाठी फोटो

एक होता चिमटू. एवढुस्सा! तुझ्या करंगळीएवढा.

चिमटू होता खेकडा. शंखात राहायचा. शंख हेच त्याचं घर. घर घ्यायचं पाठीवर आणि चालायचं भटकायला. तिरका तिरका, तुरुतुरु! तिरका तिरका, तुरुतुरु!

एकदा काय झालं, शंखात शिरली वाळू. टुचुक टुचुक टोचू लागली. चिमटू आला बाहेर. शंख केला पालथा. टप टप टप! वाळू झटकली. नांग्या झटकल्या. वळून बघतो तर काय? शंख गायब!

अगंबाई, गेला कुठं?

शंख होता केतकीच्या मुठीत. केतकी आली होती समुद्रावर. सोबत बाबा, आजी आणि आजोबा. आणि आई? आई होती मामाच्या गावाला, इवल्याशा बाळाजवळ. आईला पाठवायचा होता फोटो. समुद्राचा, लाल लाल सूर्याचा, आणि घरच्यांचा.

इकडे चिमटू उघडाबंब! वर घार घिरट्या घालतेय. सूर्य खाली खाली येतोय. अंधारात जायचं कुठं बिचाऱ्यानं?

"केतकीताई, केतकीताई, माझा शंख दे ना."

केतकी म्हणाली, "फोटोत आईला दाखवायचाय. आधी फोटो, मग शंख!"

चिमटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु! गाठले बाबा.

"बाबा, बाबा, फोटो काढा ना.
केतकी शंख देईना,
मी राहू कुठं?"

बाबांनी कॅमेरा पुसला. फूः फूः! म्हणाले, "आजोबा बसलेत रुसून, त्या होडीमागे. आधी आजोबा, मग फोटो!"

चिमटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु! गाठले आजोबा.

"आजोबा, आजोबा, चला ना.
बाबा फोटो काढीनात,
केतकी शंख देईना,
मी राहू कुठं?"

आजोबांनी टकलावर हात ठेवले. दोन्ही! म्हणाले, "वाऱ्यानं पळवली माझी टोपी. सूनबाईला काय टकलाचा फोटो पाठवू? छे छे! आधी टोपी, मग मी!"

चिमटू निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु! गाठला माड. माडाच्या शेंड्यावर वारा. वाऱ्याच्या बोटावर टोपी. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र!

"वाऱ्या, वाऱ्या, टोपी दे ना.
आजोबा काही येईनात,
बाबा फोटो काढीनात,
केतकी शंख देईना,
मी राहू कुठं?"

वारा म्हणाला, "सूंऽऽ! आजीचा पदर कसा निळा निळा! पण तिनं खोचून ठेवलाय घट्ट. मी खेळू कशाशी? आधी पदर, मग टोपी!"

चिमटू निघाला. दमला बिचारा. तरी तिरका तिरका, तुरुतुरु! गाठली आजी.

"आजी, आजी, पदर सोड ना.
वारा टोपी देईना,
आजोबा काही येईनात,
बाबा फोटो काढीनात,
केतकी शंख देईना,
मी राहू कुठं?"

आजी म्हणाली, "फोटोला उभी राहिले की सोडीन हो. पण उभी कशी राहू? बाबा काढणार फोटो. फोटोत मी, आजोबा आणि केतकी. तिघंच? नको रे बाबा! तीन तिगाडा, काम बिघाडा! आधी चौथं कुणी, मग पदर!"

आजी एकदा नाही म्हणाली की नाही म्हणजे नाहीच. काय समजलात!

आता चौथं कुणी? इकडे बघितलं, कुणी नाही. तिकडे बघितलं, कुणी नाही. समोर बघितलं, तर सूर्य! गोल गोल, पाण्याला टेकलेला.

"सूर्यबाप्पा, सूर्यबाप्पा, चौथा हो ना.
आजी पदर सोडीना,
वारा टोपी देईना,
आजोबा काही येईनात,
बाबा फोटो काढीनात,
केतकी शंख देईना,
मी राहू कुठं?"

सूर्य हसला. "अरे, मी तर निघालो घरी. चौथा तूच की!"

"मी? मी तर नंगूपंगू! आधी शंख, मग मी!"

"घ्या! हा पण म्हणतो आधी! आधी टोपी, आधी पदर, आधी शंख. सगळेच म्हणा आधी, आधी. आणि मी चाललो बुडत. कुणीतरी आधी जा की रे, सोन्या!"

डुबुक! सूर्य अर्धा बुडाला.

चिमटूला आली लाज. इतकी लाज, इतकी लाज! पण पळाला. तिरका तिरका, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

"आजी, मी आलो! मी होईन चौथा!"

"अगंबाई, केवढंसं हे! ये रे माझ्या राजा," आजी म्हणाली. तिनं चिमटूला घेतलं तळहातावर. उबदार, मऊ मऊ.

मग काय!
चौथा आला, आजीनं पदर सोडला. फडफड फडफड!
पदर सुटला, वाऱ्यानं टोपी टाकली. थप्प!
टोपी आली, आजोबा आले. लगालगा!
आजोबा आले, बाबांनी फोटो काढला. खचाक!
फोटो निघाला, केतकीनं मूठ उघडली.
"घे रे तुझा शंख."
चिमटू शिरला आत. सुळ्ळकन!
आणि सूर्य? डुबुक!

फोटो गेला मामाच्या गावाला. आईनं तो बघितला. पुन्हा बघितला. तिचे डोळे आले भरून. मग तिनं तो बाळाला दाखवला. बाळ होतं तेल लावून पहुडलेलं.

"ही बघ आजी. हे बघ आजोबा, टोपीवाले. ही बघ तुझी ताई. आणि हा कोण रे आजीच्या हातावर? उघडाबंब, अगदी तुझ्यासारखा?"

बाळ हसलं. खुद्दकन!

फोटो आईला, शंख चिमटूला, गोष्ट तुला.
चल, शिर बघू आता तुझ्या पांघरुणात. सुळ्ळकन!