ल्हामोच्या घरचे जव

पूर्वी पांचाल देशातल्या कांपिल्य नगरीवर अग्निमाली राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या घरी जन्माला आला. बापाबरोबर तांडे हाकता हाकता त्याला वाटांचे असे ज्ञान झाले की लोक त्याचे पाळण्यातले नाव विसरले आणि त्याला मार्गज्ञ म्हणू लागले.

राजाची उत्तरेकडची जमीन हिवाने ओसाड पडली होती. काही पेरले तरी पहिल्या कडाक्यात करपून जाई. एकदा हिमालयातून उतरलेल्या एका तापसाने दरबारात सांगितले की, बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक खोरे आहे आणि तिथे थंडीला दाद न देणारे निळसर जव पिकतात. राजाने मार्गज्ञाला बोलावून घेतले.

"ते बियाणे घेऊन ये," तो म्हणाला. "ती ओसाड जमीन तुझी. तुझ्या मुलानातवंडांची."

सोबत राजवैद्याचा मुलगा भद्रसाल निघाला. त्यालाही त्या जमिनीत वाटा मिळणार होता. भद्रसालाला झाडापाल्याची उत्तम पारख होती, आणि माणसांचीही आहे असा त्याचा समज होता.

ते चढत गेले. आधी देवदार मागे पडले, मग भूर्जवृक्ष, मग गवत, आणि शेवटी दगडांवर दगड एवढेच उरले. त्या दगडांच्या फटींतून निळी फुले वर आलेली पाहून मार्गज्ञाने हात जोडले. सकाळी उठून पाहावे, तर आदल्या दिवशीच्या त्यांच्याच पावलांवर हिमबिबट्याचे ताजे ठसे उमटलेले असत. भद्रसाल घाबरे. मार्गज्ञ म्हणे, "त्याच्या घरातून आपण चाललोय. त्यानं जाऊ दिलं, हे काय कमी झालं?"

खिंड ओलांडून ते त्या खोऱ्यात उतरले. तिथली रीत अशी होती की पाहुणा ज्याला आधी दिसेल त्याचा. त्यावरून गावात भांडणेसुद्धा होत. त्या दिवशी ते आधी दिसले ल्हामोला. ती म्हातारी विधवा गावाच्या टोकाला सून यांगझोमबरोबर राहत होती. ती धावत पुढे आली, दोघांचे भिजलेले जोडे स्वतःच्या हातांनी काढून चुलीशी वाळत ठेवले आणि शेजाऱ्यांकडे अशा तोऱ्याने पाहिले की जणू तिने गड जिंकला होता.

सुगीचे दिवस होते. राजाचे मागणे ऐकून घरटी एकेक ओंजळ बियाणे गोळा झाले. त्याची एक गोणी भरली. दिलेली वस्तू परत करणे तिथे मोठा अपमान मानत आणि दुसऱ्याच्या कणगीत डोकावणे त्याहून मोठा. पाहुणे निघणार, तोच त्या वर्षी बर्फ लवकर पडले. खिंड बंद झाली आणि दोघे ल्हामोच्या घरी अडकले.

सारा हिवाळा तिने त्यांना जेवू घातले. जवाची भाकरी, सातूचे पीठ, वर याकच्या दुधाचे लोणी. पाहुण्यांनी आधी जेवायचे, घरच्या बायकांनी मागाहून गोठ्याच्या पडद्याआड, असा तिचा नियम होता. पडद्यामागून वाट्यांचा आवाज येई आणि जेवण लगेच आटोपे.

भद्रसालाने यावरून सिद्धान्त काढला. "थंड प्रदेशात जठराग्नी मंद असतो," तो म्हणाला. "या लोकांना मुळात भूकच कमी." शास्त्रात याच्या नेमके उलटे सांगितले आहे. पण भद्रसाल आपल्या शोधावर इतका खूश होता की त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

मार्गज्ञ मात्र रोज जेवण्यापूर्वी ल्हामोला म्हणे, "आई, तुझे उपकार फार आहेत." ती म्हणे, "बोलू नकोस, गार होईल." तो दिवसभर तिच्यासाठी लाकडे फोडी, याकांचा गोठा झाडी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून डोंगरांची नावे शिकून घेई. इतक्या दूरच्या माणसांनी आपल्याला घरात घेतले, याचे त्याला दररोज नव्याने नवल वाटे.

हिवाळा सरला. खिंड मोकळी झाली. पेरणीचा दिवस आला, तेव्हा धुपाच्या झुडपांचा धूर करून सारे गाव गात गात शेतांकडे निघाले. डोंगरावरच्या बर्फाचे पाणी त्याच दिवशी पाटांत सोडत. ज्या घराची पेरणी त्या दिवशी झाली नाही, त्याची पाण्याची पाळी कायमची दुसऱ्याकडे जाई. आणि तिथे पाण्यावाचून शेत म्हणजे नुसते दगड. असे घर सोडून माणसे खालच्या मुलखात चाकरीला जात.

ल्हामोच्या घरातून कोणी बाहेर पडले नाही.

मार्गज्ञ तिला हाक मारायला आत गेला. यांगझोमने कणगी आडवी केली होती. अर्धी आत शिरून ती कुंच्याने तळ झाडत होती. त्याला पाहून ती बाहेर आली आणि पदराआड काहीतरी लपवू लागली. मूठ-दोन मूठ जव होते.

"पेरायला?" त्याने विचारले.

"पेरायला एवढ्यानं काय होणार, दादा? तुमच्या वाटेच्या शिदोरीला. सासूबाई म्हणाल्या, पाहुणा रिकाम्या हातानं खिंड चढायला नको."

"आणि बियाणं?"

तिचा बांध फुटला. "बियाणं कधीच संपलं. तुम्ही महिनाभर तेच खाताय."

"मग तुम्ही काय खात होता? रोज वाट्यांचा आवाज यायचा."

"सलगमाचं पाणी प्यायचो. कधी तेही नसायचं. तेव्हा नुसत्या वाट्या वाजवायचो, म्हणजे तुम्हाला संकोच वाटायला नको."

आपण रोज आभार मानले आणि एकदाही पडदा सारून पाहिले नाही, हे मार्गज्ञाला फार लागले. तो बाहेर आला, गोणी खांद्यावर घेतली आणि याकांची जोडी सोडू लागला.

भद्रसाल आडवा आला. "वेडा झालास का? वर्षभर हाल काढले ते याचसाठी! राजाला काय दाखवणार? आपण परत जाऊन तिला सोनं पाठवू."

"सोनं पेरता येत नाही. पाट आज सुटतायत."

"निदान अर्धं ठेव."

"आपण तिचं अर्धंच खाल्लं का?"

भद्रसाल गोणीकडे बघत उभा राहिला, आणि पडद्यामागचा वाट्यांचा आवाज त्याच्या कानात पुन्हा पुन्हा वाजू लागला. मग त्याने नांगर उचलला.

पहिली सरी पडते न पडते तोच ल्हामो धावत आली. "गावानं दिलेलं परत करतोस? आमचं दान वाईट होतं का रे?"

आता, बोधिसत्त्व कोणत्याही जन्मी खोटे बोलत नाही. काही निमित्त सांगून वेळ मारून नेणे त्याला शक्य नव्हते. तो मातीत गुडघे टेकून म्हणाला, "आई, परत नाही करत. तू जे दिलंस ते माझ्या अंगात भिनलंय, ते परत करताच येणार नाही. ही गोणी गावानं मला दिली, ती माझी. माझं बियाणं कुठं पेरायचं ते मी ठरवलं. मी तुझं घर खाऊन बसलो, आई. मला पेरू दे."

ल्हामो बांधावर बसून पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग नीट तरी पेर. मूठ केवढी भरतोस! दाट झालं की वाढत नाही."

तिने सांगितले तसे तो पेरत गेला. उन्हे कलण्याआधी पाटाचे पाणी तिच्या शेतात शिरले.

दोघे कांपिल्यला परतले, तेव्हा राजाने भर दरबारात गोणी मागितली. मार्गज्ञाने घडले तसे सांगितले. राजाचा चेहरा कठोर झाला. "शिदोरीचे म्हणून जे दोन मुठी जव होते, त्यातला एक दाणाही राखला नाहीस?"

"नाही, महाराज. ते तिनं भाजून दिले होते, आम्ही खावेत म्हणून. खिंडीवर बसून आम्ही दोघांनी ते खाल्ले. तसं अन्न मी कधी खाल्लं नव्हतं."

राजाचा शब्द बियाण्यासाठी होता, तेव्हा जमीन काही मार्गज्ञाला मिळाली नाही. त्यानेही मागितली नाही. तांडे हाकण्यातच त्याचा जन्म गेला. पण त्या दिवसापासून अग्निमाली राजा पंक्तीला बसला की घास उचलण्यापूर्वी विचारी, "वाढणारे जेवले का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबे.

भगवान शास्त्याने ही कथा श्रावस्तीच्या जेतवनात एका भिक्षूला सांगितली. भिक्षेहून परतल्यावर तो भिक्षू सहज म्हणाला होता, "त्या वेशीजवळच्या घरची माणसे थोड्यात भागवणारी आहेत. द्यायला त्यांना काही जड जात नाही."

शास्ता म्हणाला, "भिक्षू, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. भद्रसाल म्हणजे तू. मार्गज्ञ मीच होतो. आणि ल्हामो व तिची सून म्हणजे त्या वेशीजवळच्या घरातल्या दोघी, ज्या आज सकाळी तुझ्या पात्रात भात वाढून उपाशीच कामाला गेल्या."

भिक्षूने हातातल्या पात्राकडे पाहिले. ते अजून निम्मे भरलेले होते. तो उठला आणि वेशीच्या दिशेने चालू लागला.

ज्याचे अन्न खाल्ले त्याची चूल पेटली का, हे पाहायला जो वळतो, त्याच्या ठायी कृतज्ञता आहे.