बाळंतनाव

फार जुन्या काळची गोष्ट. एका रुंद नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून एक राज्य होतं. पैलतीरावर राजाचा वाडा, बाजार आणि वैद्यशाळा; ऐलतीरावर शेतं आणि गावं. त्यातल्या एका गावात सुभाना नावाचा दवंडीवाला राहत असे. त्याचा आवाज असा खणखणीत, की तो वेशीपाशी बोलला तर मळ्यातल्या माणसालाही शब्द न् शब्द कळावा.

त्या राज्याच्या म्हाताऱ्या राजानं नदीवर एक नाव ठेवली होती. तिच्यावर लाल झेंडी असे. अडलेली बाई किंवा आजारी माणूस, यांच्याशिवाय तिच्यात कुणी पाय ठेवायचा नाही. हैबती नावाडी आठही प्रहर तिच्यापाशी असे. लोक तिला बाळंतनाव म्हणत. सुभानाची एकुलती लेक साळू, तिचा जन्मही या नावेमुळेच सुखरूप झाला होता.

म्हातारा राजा देवाघरी गेला. नवा राजा आला. तिथली रीत अशी, की नव्या राजाची पहिली दवंडी ठरलेल्या शब्दांनीच सुरू व्हायची. सुभानानं हलगी गळ्यात घातली.

"ऐका हो ऐका! मागलं मोडा, पुढलं मांडा! नदीवर दगडी पूल होणार. नाव बंद!"

लोक खूश झाले. पूल कुणाला नको असतो? त्याच दुपारी नाव फोडली आणि तिच्या फळ्या पुलाच्या परांचीसाठी नेल्या.

हैबती रिकाम्या घाटावर बसला होता. म्हणाला, "सुभाना, तुझा आवाज भारी बाबा. एका दमात नाव बुडवलीस. आता एका दमात पूलही उभा कर बघू."

"मी हुकमाचा ताबेदार. वरून येतं ते ओरडतो," सुभाना हसून म्हणाला.

मोडायला एक दुपार पुरली होती. मांडायला वर्षं लागत होती. पाच वर्षांत पुलाचे दोन खांब उभे राहिले, आणि तेवढ्यात तिसरा राजा आला. तोही काही वाईट नव्हता, बरं का. त्याला वाटलं, दुखणाईत माणसानं नदी ओलांडायचीच कशाला? वैद्यच गावोगावी जाऊन राहू देत.

"मागलं मोडा, पुढलं मांडा! गावोगावी वैद्य येणार. पूल बंद!"

गवंडी दुसऱ्याच दिवशी निघून गेले. वैद्य मात्र कार्तिकात यायचे होते.

तेव्हा श्रावण चालू होता. साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या आईनं लेकीसाठी अखंड दिव्याचा वसा घेतला होता. लेक मोकळी होईपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. एका सकाळी ती वात बदलत होती. तिनं नवी वात तेलात भिजवली, जुनीच्या ज्योतीवर धरली, आणि नवी नीट पेटल्यावरच जुनी अलगद बाहेर काढली.

"अगं, जुनी आधी काढून टाक की. हात पोळेल," सुभाना म्हणाला.

"अहो, मग मधे अंधार नाही का व्हायचा? वशात खंड पडतो."

सुभानानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

त्याच दुपारी साळूला कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं आलंय. माझ्या हातचं नाही हे. पलीकडं न्या."

पलीकडं! नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती; असल्या पुरात साध्या होड्या उलटत. मधोमध दोन खांब नुसतेच उभे होते. हैबतीनं धावाधाव करून वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधली. तिच्यावर साळूला निजवलं.

"बाबा," साळू ग्लानीत कण्हत म्हणाली, "लाल झेंडी कुठं दिसत नाही ती."

सुभाना सांगडीला धरून पाण्यात उतरला.

सांगड धारेला लागली आणि घाट सोडून लांब खाली वाहत गेली. वैद्यशाळेत पोचेपर्यंत उशीर झाला होता. मूल वाचलं, मुलगी होती. साळू गेली.

कार्तिकात ठरल्याप्रमाणे वैद्य आला. भला माणूस होता. आल्या आल्या त्यानं सुभानालाच विचारलं, "गावात कुणी गरोदर बाई आहे का? आधी तिला बघतो."

सुभाना घरात गेला आणि नातीला मांडीवर घेऊन बसला.

दोन वर्षांनी एक राणी गादीवर आली. तिचा हुकूम आला: पूल पुरा करणार, वैद्य बंद. सुभानानं हलगी जमिनीवर ठेवली.

"पुढलं मांडा म्हणतो. मागलं मोडा काही म्हणणार नाही."

शिपायांनी त्याला राणीपुढं उभं केलं.

"तुला आमचा पूल नको?" राणीनं विचारलं.

"पूल हवाय, राणीसाहेब. पण माझी बायको वात बदलते ना, ती नवी पेटल्यावर जुनी काढते. मी जन्मभर उलटं ओरडत आलो. आधी विझवलं आणि मग वात वळायला बसलो. त्या मधल्या अंधारात माझी लेक गेली. आता आणखी कुणाची नको."

राणी प्रधानाकडं वळली. "पूल व्हायला किती वर्षं?"

"सात."

"मग सात वर्षं वैद्य तिथंच राहतील. आणि यापुढं मागलं मोडायची दवंडी, नवं उभं राहिल्यावर त्याच्यावर उभं राहूनच द्यायची."

मधे आणखी एक राजा बदलला, पण ना गवंडी हलले, ना वैद्य. पूल पुरा झाला, तेव्हा त्याच्यावरून पहिलं चालायचा आणि दवंडी द्यायचा मान सुभानाला मिळाला. हलगी गळ्यात घालून, नातीचं बोट धरून तो निघाला. मधोमध, जिथून बाळंतनाव जायची तिथं, तो थांबला.

"आजोबा, वाजवा की."

"आवाज बसलाय गं, बाळ."

मग नातीनंच हलगीवर एक थाप मारली. ती दोन्ही तीरांवर ऐकू गेली.

घरी साळूच्या आईचा दिवा अजून तेवत होता. त्या वशाचं उद्यापन तिनं कधी केलंच नाही.

ज्यांच्या हाती राज्य येईल, त्यांना देव तिच्या हाताची सवय देवो.

तात्पर्य: नवी वात पेटल्याशिवाय जुनी काढू नये, कारण मधल्या अंधारात कुणाच्या तरी घरचं माणूस जातं.