कानामागची जागा

"मगे पुसलंस कित्याक नाय?"

बाबल मेस्त्री पडवीत बसून सुपारी कातरत होते. प्रश्न विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

"पुसू देत नाही, नाना." शर्वाणी अजून पायरीवरच उभी होती. "तेलाचा बोळा जवळ नेला की मनगट धरते. म्हणते, हा माझा चेहरा आहे."

"कोण म्हणता?"

"रेवा. माझी धाकटी बहीण."

"म्हणता ती रेवाच काय?"

शर्वाणीनं मागे वळून फाटकाकडे पाहिलं.

मेस्त्रींचं आयुष्य दशावतारात गेलं होतं. देव, दैत्य, राजे, राण्या, सगळे त्यांच्या तोंडावर येऊन गेले. गुडघे थकले तेव्हा त्यांनी मंच सोडला आणि कोणी आलंच तर त्याला तोंड रंगवायला शिकवू लागले. आता ते एकटेच राहत. गावात त्यांना बाबल अशी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कोणी मेस्त्री म्हणे, कोणी नाना. फार म्हातारी माणसं अजून 'राजानू' म्हणत.

शर्वाणी पुण्याहून येऊन एक उन्हाळा त्यांच्याकडे शिकली होती. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. नानांचं सगळं तिनं उचललं. एकच गोष्ट उचलली नाही, कारण तिचं तिला हसू आलं.

कुठलंही रूप रंगवताना मेस्त्री उजव्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडत.

"हे कशाला, नाना?"

"आत गेलेल्यान परत येवचा खयसून?"

परत यायचं कुठून म्हणे! ती खूप हसली होती. पुढे मुंबईत तिचं नाव झालं. तिनं रंगवलेला चेहरा एकदा पाहिला की माणूस दुसरीकडे बघायला विसरे. आणि नाव झालं की गुरूच्या खोडी तेवढ्या गप्पांत सांगायला उरतात. 'आमचे नाना कानामागे जागा सोडतात,' असं ती चारचौघांत सांगायची. लोक हसायचे. तीही हसायची.

"तिका बोलाव," मेस्त्री म्हणाले.

शर्वाणीनं आवाराच्या फाटकाकडे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून हाक मारली. "रेवा!"

काहीच हललं नाही.

तिनं ओठ चावला. मग हळू आवाजात, लाज वाटल्यासारखी, ती म्हणाली, "नीलाक्षी..."

गाडीचं दार उघडलं.

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्या एकदम माडाच्या बुंध्यामागे गेल्या.

मुलगी सावकाश चालत आली. अर्धा चेहरा मोरपिशी, अर्धा पिवडीसारखा पिवळाधमक. दोन्ही रंग नाकावर भेटत होते आणि भांडत होते. भुवया झाकून टाकलेल्या. ओठांवर चांदीचा वर्ख. मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढलेले होते, टपोरे, कडांना शेंदरी. ती चालत होती मिटल्या डोळ्यांनी, आणि चेहरा मात्र बघत होता.

भर दुपारचं ऊन होतं. तरी शर्वाणीनं ओढणी घट्ट ओढून घेतली.

"परवाच्या स्पर्धेसाठी केला होता," ती म्हणाली. "पहिला आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, नाना. या रूपाचं नाव नीलाक्षी ठेवलं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्या नावाला ओ देत नाही. काल आईनं फोनवर हाक मारली, तर म्हणाली, तुमचा नंबर चुकलाय."

शर्वाणी पायरीवर खाली बसली. "आई रात्रभर रडतेय. मी तिला काय सांगू?"

मेस्त्रींनी अडकित्ता खाली ठेवला.

"कानामागे?"

शर्वाणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"कानामागे, चेडवा?"

"तिथंही लावला. कॅमेरा आता सगळीकडून फिरतो, नाना. एक ठिपका जरी कोरा दिसला असता तर..."

मुलगी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. पापण्यांवरचे डोळे भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर आरसा होता, पण पाठमोरा टांगलेला.

"नाना, तुमच्याकडे काहीतरी असेल ना? जुनं तेल, एखादं औषध... तुम्ही पुसा. तुम्हाला ती अडवणार नाही."

"पुसलंय तर रंग जातलो. ती येवची नाय."

"मग?"

मेस्त्री उठले. आतून आपली पेटी घेऊन आले. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ. डब्यांची झाकणं गंजली होती, आतले रंग ताजे होते.

"ह्या घे. रंगावरच रंग लाव. तिचा तोंड काढ."

"कोणाचं?"

"तुझ्या भयणीचा. जसा आसा तसा."

शर्वाणीला एवढ्या काळजीतही हायसं वाटलं. एवढंच? राक्षस उभे केले होते तिनं, एक साधा चेहरा काय अवघड! तिनं मुलीला पाटावर बसवलं. सफेद्यात पिवडी घातली, हिंगुळाचा थेंब टाकला, बोटानं कालवलं. कातडीचा रंग हुबेहूब जमला. मोरपीस झाकलं गेलं, पिवळं झाकलं गेलं. मुलगी मुकाट बसून होती, मनगट धरत नव्हती.

शर्वाणीनं भुवयांसाठी काजळ घेतलं. आणि हात थांबला.

रेवाच्या भुवया... जाड होत्या की कोरीव? मधे जुळत होत्या का?

बरं, भुवया नंतर. तीळ होता एक, गालावर. उजव्या? की डाव्या?

तिनं घाईनं फोन काढला. बोटानं फोटो सरकवू लागली. रेवाच रेवा. फुकटची मॉडेल, हक्काची, 'बस गं जरा' म्हटलं की बसणारी. लाल रेवा, सोनेरी रेवा, काचा चिकटवलेली रेवा, अर्धी वाघीण झालेली रेवा. शर्वाणी मागे मागे जात राहिली. गेल्या दिवाळीचे फोटो, त्याआधीच्या पाडव्याचे. प्रत्येक फोटोत रंग.

कोरा चेहरा एकही नव्हता.

"गावला?" मेस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"फोनात नाय. तुझ्याकडे?"

शर्वाणीनं समोर पाहिलं. समोर आता कातडीच्या रंगाचा, बिनभुवयांचा, बिनतिळाचा एक गोल होता. त्यात ते दोन डोळे. तिला त्या क्षणी भीती वाटली, अगदी लहानपणीसारखी. त्या डोळ्यांची नव्हे. आपल्या सख्ख्या बहिणीचं तोंड आपल्याला आठवत नाही, याची.

"मी हिच्याकडे रोज बघत होते, नाना."

"बघी होतंस..."

"रोज! तासन् तास!"

मेस्त्री सुपारीचं खांड तोंडात टाकून चघळत बसले.

शर्वाणीच्या हातातून काजळाची डबी निसटली, पाटावर आपटून अंगणात गेली. ती बहिणीसमोर जमिनीवरच बसली आणि रडू लागली. आवाज दाबायचंही तिला सुचलं नाही. रडता रडता काहीतरी धरायला हवं म्हणून तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तिचा अंगठा हनुवटीखाली गेला.

तिथं काहीतरी होतं. आडवी, उंचवट्याची रेघ.

अंगठा तिथंच थांबला.

झोपाळा. सोसायटीच्या बागेतला, एका कडीचा आवाज येणारा. रेवाला उंच हवा होता, शर्वाणीनं उंच दिला. हनुवटी फुटली होती. शर्वाणीनं आपल्या फ्रॉकचा घेर तिथं दाबून धरला होता आणि दवाखान्यापर्यंत सोडला नव्हता. टाके घालताना रेवा शर्वाणीचंच बोट चावत होती.

हे तिच्या डोळ्यांना आठवलं नव्हतं. अंगठ्याला आठवलं होतं.

त्यावरही रंग होता, अर्थातच. थरावर थर. शर्वाणीनं काही विचार केला नाही. अंगठा जिभेला लावला आणि ती रेघ घासू लागली, शेंबडं पोर शाळेत धाडण्याआधी आई घासते तशी.

रंग निघाला. तांदळाच्या दाण्याएवढी कातडी उघडी पडली.

पापण्यांवरचे डोळे थरथरले. मग त्यांच्या मधोमध फट पडली आणि खालून दुसरे डोळे बाहेर आले. साधे, तपकिरी, झोपेनं चिकटलेले.

"शी! ताई, थुंकी नको ना लावू!"

शर्वाणीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

"रेवा?"

"काय? आणि हे काय बरबटवलंयस? खाज सुटलीये. काढ ना लवकर."

मेस्त्रींनी खोबरेलाची बाटली पुढे सरकवली. शर्वाणीनं बोळा बुडवला आणि पुसायला घेतलं. कुणीही मनगट धरलं नाही. कातडीचा रंग गेला, त्याखालचा मोरपिशी गेला, पिवळा गेला. भुवया निघाल्या, जाड, मधे जवळजवळ जुळणाऱ्या. तीळ डाव्या गालावर होता. शर्वाणी एकेक गोष्ट निघेल तशी थांबून पाहत होती. आईला फोन लावायचा होता, पण आधी हे बघून घ्यायचं होतं.

शेवटी तिनं उजवा कान पुढे वळवला आणि मागची जागा पुसली. आपला हात तिथं जरा जास्त वेळ राहिला, हे तिला जाणवलं.

"नाना," ती न वळता म्हणाली, "मी हसले होते तुम्हाला. चुकले."

मेस्त्री रंगांच्या डब्यांना झाकणं लावत होते.

रेवा ओढणीनं तेल टिपत होती. तिची नजर पडवीभर फिरली, पाठमोऱ्या आरशावर गेली, मग मेस्त्रींवर आली आणि तिथंच राहिली.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आजोबांचा पुसायचा राहिलाय."

"काय?"

"रंग. केवढा लावलाय... तुला दिसत नाही?"

शर्वाणीनं पाहिलं. सावळा, सुरकुतलेला चेहरा. पांढरे खुंट. रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

पण मेस्त्रींचा हात हळूच उजव्या कानामागे गेला होता. बोटं तिथं दाण्याएवढी कोरी जागा चाचपत होती.

शर्वाणीनं नवा बोळा तेलात बुडवला आणि ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. हात गालाजवळ नेला.

मेस्त्रींनी तिचं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे गो," ते म्हणाले. "ह्यो पुसूक, खालच्या बाबलाक वळखणारो आता कोण उरलोच नाय."