वायरमनचा चार पानी राजीनामा

“ह्या खोऱ्यातला एकूण एक लेखक माझ्या हातातनं गेलाय, निवास. मला टाळून हितं कुणाचं पुस्तक झालंच न्हाई,” बाबालालचाचा म्हणाला.

मग जरा थांबला आणि स्वतःच खुदकन हसला.

“म्हंजे, छापायला जाताना बी माझ्याच हातातनं गेलं, आन् साभार परत येताना बी. पोस्टमनला इचारतंय कोण?”

“मी विचारतोय की,” निवास म्हणाला. “देऊ का नको, एवढंच सांगा.”

चाचा दर्ग्यापुढं झाडू मारत राहिला...

हा बाबालाल मुलाणी चौथी पास. चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, पेन्शनीत निघाला आणि पिराच्या दर्ग्याला लागून असलेल्या खोलीत येऊन राहिला. तिथं त्याची दाढी वाढली. दाढी वाढली तसे लोक सल्ला विचारायला यायला लागले. दाढीचा तेवढा फायदा असतो.

आणि निवास चौगुले म्हणजे वायरमन. चौदा वर्षांची पर्मनंट नोकरी. मागच्या साली त्याची कादंबरी छापून आली, जिल्ह्याचं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून कुणी “काय करता?” म्हटलं की हा आधी खाकरायचा. मग म्हणायचा, “लेखक आहे.” खांबावर चढलेला असला तरी.

चिकोत्रेच्या खोऱ्यात तसा लेखकांना तोटा नाही. नदी एवढीशी. उन्हाळ्यात तिला पाणी कमी आणि काठाला लेखक जास्त.

“दुसरी कादंबरी अडलीय, चाचा,” निवास म्हणाला. “तीन महिने झाले. एक ओळ नाही. प्रकाशकाचे फोनवर फोन. आणि मी काय करतोय? तर लोकांचे फ्यूज बदलतोय. नोकरी सोडल्याशिवाय काही व्हायचं नाही.”

“मग सोड की.”

“सुरेखा म्हणते, चाचा हो म्हणाले तरच द्यायचा राजीनामा. नाहीतर ती पोरांना घेऊन माहेरी.”

“तुझी बायको हुशार हाय. तीबी लिहिती काय?”

“नाही.”

“तरीच.”

निवासनं खिशातून पाकीट काढलं. चाचानं झाडू काखेत धरला, पाकीट घेतलं आणि तळहातावर जोखलं. जुनी सवय. डोळे मिटून दोनदा वरखाली केलं.

“वजनदार हाय,” तो म्हणाला. “ह्या वजनाचं परत येतं.”

“चाचा, राजीनामा आहे तो!”

“राजीनामा? किती पानं?”

“चार.”

“वाच बघू.”

निवासनं घसा साफ केला. एक हात मागे बांधला, जिल्ह्याच्या व्यासपीठावर बांधला होता तसाच.

“माननीय उपअभियंता महोदय. तारांवर जेव्हा संध्याकाळ येऊन बसते, तेव्हा पाखरांच्या आणि माझ्या एकटेपणात फरक उरत नाही...”

“थांब, थांब. सायबाला ह्यातलं काय कळणार?”

“तिसऱ्या पानावर येतं स्पष्ट.”

“आन् चौथ्यावर?”

“चौथं आईला अर्पण आहे.”

चाचा हसला नाही. दाढीला मात्र थोडा कंप सुटला.

निवास जवळच्या दगडावर बसला. त्याच्या मनात बरेच दिवस साठलं होतं, ते आता बाहेर आलं.

“हसा तुम्ही. पण बघा ना, अकरा लेखक आपल्या खोऱ्यात. शिदगोंडा कंडक्टर. अक्काताई नर्सबाई. कोण जनावरांचा डॉक्टर, कोण वकील, कोण तलाठी. सगळे अर्धेमुर्धे! दिवसभर तिकिटं फाडायची, सुया टोचायच्या आणि उरलेल्या वेळात साहित्य. मला पूर्ण लेखक व्हायचंय, चाचा. खोऱ्यातला पहिला.”

“पयला? आन् सरनोबताचा रणधीर?”

 रणधीर सरनोबत बँकेची नोकरी सोडून मुंबईला गेला होता आणि आता टीव्हीच्या मालिका लिहीत होता. गावात त्याची गाडी आली की लहानथोर बघायला जमत.

“त्याचं बरं चाललंय,” निवास म्हणाला. आवाजात थोडी जळजळ होती.

“लई बरं. दिवाळीत फोन आला हुता. रडत हुता.”

“रडत? का?”

“म्हणला, चाचा, हितं काहीच परत येत न्हाई. काय बी लिहून दिलं तरी घेत्यात.”

निवासला हसावं की घाबरावं ते कळेना.

“साभार परतचं पाकीट मी कवा कुणाच्या घरी दिलं न्हाई,” चाचा म्हणाला. “पत्ता घरचा असू दे. मी कामाच्या जागी न्यायचो. शिदगोंडाला चालू गाडीत चढून दिलं. गाडीत ही गर्दी. ठेवायचं कुठं? त्यानं ते बुडाखाली घेतलं, डबल घंटी मारली आन् म्हणला, चला, पुढं सरका. अक्काताईला दिलं तवा तिच्यापुढं बारा पोरं उभी, डोस घ्यायला. तिनं पाकीट बघितलं, माझ्याकडं बघितलं... आन् तेराव्याला हाक मारली.”

“पण बारा होती ना?”

“तेच की! तेरावा मीच. मला बी पाजला.”

आता मात्र निवास हसला. हसता हसता विचारलं, “आणि माझं पाकीट कुठं आणलंत?”

“तुझं आलंच न्हाई परत. पयल्याच दणक्यात छापलं.” चाचानं मान हलवली, आजारी माणसापाशी बसल्यासारखी. “तिथंच घोटाळा झाला बघ.”

हे निवासला लागलं. तो उठला. “म्हणजे नकोच म्हणताय.”

“मी कुठं काय म्हणलो? च्या घेऊ, मग सांगतो. तेवढं आत बघ, दिवा लागंना झालाय. चार दिस झालं, आंधळ्यावानी चाचपडतोय.”

खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारीही आत काळोख. निवासला खरं तर म्हणायचं होतं, की आज मी वायरमन म्हणून आलेलो नाही. पण तोंडातून ते निघेपर्यंत हातांनी पाकीट खाटेवर टाकून स्टूल ओढलं होतं. मेन स्विच बंद करून तो वर चढला. टॉर्च दातात धरला. होल्डर उघडला.

मग टॉर्च दातातून हातात घेतला.

“चाचा.”

“काय रं?”

“वायर तुटली नाहीये. कुणीतरी काढलीय.”

“कावळ्यानं काढली आसंल.”

“कावळा स्क्रू सोडवतो?”

“ह्या खोऱ्यातला कावळा हाय, लेका. शिकल्याला आसंल.”

निवासनं टॉर्च पुन्हा दातात धरला. दोन स्क्रू आवळायचे, एवढंच काम. बोटं आपोआप फिरली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी सरळ बसलं होतं. त्यानं टॉर्च खिशात टाकला आणि स्टुलावरूनच ओरडला, “मेन चालू करा! आणि बटण दाबा!”

चाचानं बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. आणि चारी कोपऱ्यांतली जाळी, चुलीमागची काजळी, पडलेलं कांद्याचं टरफल, सगळं एकदम दिसलं.

“या अल्ला!” चाचा शरमला. “एवढी घाण? काल तर खोली कशी पाक हुती!” आणि त्यानं घाईघाईनं झाडू घेतला.

निवास वरूनच बघत राहिला.

मग त्याचा हात खिशात गेला. पेन सापडलं. कागद सापडेना. सापडला तो खालच्या खाटेवरच्या पाकिटात. तो स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला, कागद मांडीवर घेतला.

“काय झालं रं?”

“शू...”

निवासनं चाचाला गप्प केलं! चौतीस वर्षांत पोस्टमास्तरालाही जमलं नव्हतं ते. चाचा झाडू हातात धरून तसाच उभा राहिला. पाठीमागून वाकून पहिली ओळ तेवढी वाचली. चौथी पास माणसाला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात.

‘गावात वीज आली त्या संध्याकाळी म्हातारीनं आपल्याच घराचे कोपरे पहिल्यांदा पाहिले, आणि मुकाट्यानं झाडू हातात घेतला.’

चाचानं स्वतःच्या हातातल्या झाडूकडं पाहिलं. मग दाढीकडं. “म्हातारी?” तो पुटपुटला. पण हळूच.

चहा झाला. निवाला. पुन्हा उकळला, पुन्हा निवाला.

एक पान भरलं. दुसरं भरलं. बाहेर शाळा सुटून पोरं घरी गेली. निवासचा मोबाइल दोनदा वाजला. खालच्या वाडीत लाईट गेली होती. दुसऱ्या फोनला तो “अर्ध्या तासात येतो” म्हणाला आणि तिसरं पान लिहू लागला. फोनवर खाकरला मात्र नाही.

चौथं पान संपलं तेव्हा त्याला लिहायला जागा हवी होती. त्यानं कागद उलटला.

वर लिहिलं होतं, ‘माननीय उपअभियंता महोदय.’

निवासनं कागद मागून बघितला, पुढून बघितला.

“चाचा...”

“हं.”

“हा राजीनामा होता.”

“व्हय की.”

“ह्याच्याच पाठीवर कादंबरी सुरू झाली.”

“झाली खरी.”

निवासच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंडावर हसू. दोन्ही एकदम कसं आलं ते त्यालाच ठाऊक.

“मग आता... देऊ का नको?”

चाचानं कोपऱ्यातलं शेवटचं जाळं काढलं, झाडू उंबऱ्यावर आपटला.

“दे की. फकस्त कुठल्या बाजूनं वाचायचं, तेवढं सायबाला सांग.”