निखाऱ्यांवरची न्याहारी

"...पण एकटेपण जातं की नाही, एवढं तरी सांगा ना, बुवा!"

"झाकणावरही निखारे टाक," अच्युतबुवा म्हणाले. "नुसतं खालून भाजलं तर वरून कच्चं राहतं."

भार्गवनं चिमट्यानं निखारे झाकणावर आपटले. कॉलेज सोडलं, बापाशी अबोला धरला आणि या डोंगरावरच्या मठात येऊन पडला, तो हे एवढंच विचारायला. आणि म्हातारा त्याला स्वयंपाक शिकवत होता! बुवांचे दात गेले म्हणून शहरातल्या भक्तांनी ओट्सची पाकिटं आणून टाकलेली. ते दुधात भिजवायचे, केळी कुस्करायची, वरून शेजारच्या मळ्यातल्या स्ट्रॉबेऱ्या खोचायच्या आणि पातेल्यात भाजायचे. मठाची रोजची न्याहारी.

"आज उत्तर द्या. नाहीतर दुपारच्या एसटीनं मी चाललो."

"आधी नैवेद्य."

नैवेद्य झाला. भार्गवनं बुवांना वाढलं. एवढी लांबलचक ओसरी, आणि पाट दोनच. बुवांनी खाली मान घालून वाटी संपवली. पुन्हा वाढून घेतलं.

मग भार्गव बसला. पहिलाच घास... तो उठून ओसरीच्या कडेला जाऊन थुंकला.

"मीठ! साखर समजून मी मीठ घातलंय!"

बुवा खात होते.

"सांगितलं का नाही?"

"अन्नाला नावं ठेवू नयेत."

"वा! नैवेद्य म्हणून चाखायचं नाही, अन्न म्हणून बोलायचं नाही. मग चुकलं ते माणसाला कळायचं कधी? माझा बापही असाच. समोर बसून गिळतो, हात धुतो, जातो. चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही! आणि तुम्ही म्हातारे त्याला मोठेपणा म्हणता. कसला मोठेपणा? हट्टीपणा आहे नुसता! पोट बिघडेल, कळतंय का? ठेवा ती वाटी खाली!"

बोलून गेला खरा...

आता हाकलणार. भार्गवनं स्वतःच पिशवी जवळ ओढली.

बुवांनी वाटी खाली ठेवली. मुकाट्यानं.

"इथं सगळे पाया पडतात," ते म्हणाले. "रागावत कुणी नाही..."

भार्गव तसाच उभा. पिशवीचा बंद हातात.

बुवांनी तोंडातला घास कसाबसा गिळला. वर पाहिलं.

"गाढवा, किती खारट केलंयस हे!"