तडकलेल्या पुंगळ्या

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. डोंगरातलं एक राज्य होतं. तिथे राजा होता, दरबार होता आणि खिंडीच्या तोंडाशी बंदुका घेऊन बसणारे पहारेकरी होते. खिंडीतून कधी लुटारू यायचे, कधी बिबट्या यायचा.

आता लहान मंडळींसाठी थोडं थांबतो. काडतूस म्हणजे बोटाएवढी पितळेची नळी. तिच्यात बंदुकीची दारू भरायची आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबून बसवायची. चाप ओढला की गोळी निघून जाते, नळी मागे राहते. त्या रिकाम्या नळीला पुंगळी म्हणतात. मोठी राज्यं ती फेकून देत असतील. या राज्यात पितळ मिळणं कठीण, म्हणून रिवाज असा की झाडलेली प्रत्येक पुंगळी पहारेकऱ्याने परत आणून द्यायची आणि ती पुन्हा भरायची.

हे काम एक तांबट करायचा. वाकडी झालेली पुंगळी तो साच्यात दाबून सरळ करी. मग साऱ्या पुंगळ्या पाण्याच्या परातीत उभ्या करून ठेवी, बूड पाण्यात आणि तोंड वर, आणि फुंकणीने तोंडांवर जाळ धरी. सारखं ठोकलेलं पितळ कडक आणि ठिसूळ होतं. शेक दिला की ते पुन्हा मऊ होतं. शेकलेल्या तोंडाभोवती एक निळसर झाक येते. दिसायला ती काही छान दिसत नाही. पण ती आली म्हणजे काम झालं, असं तांबट बापाकडून शिकला होता.

आणि दुसरा होता राज्याचा पारखी. दसऱ्याला शस्त्रांची पूजा व्हायच्या आधी सगळी काडतुसं आणि पुंगळ्या त्याच्यापुढे मांडल्या जात. तो पुंगळी दगडावर टाकून तिचा आवाज ऐके, वाकडी तार आत घालून कुठे खाच लागते का ते बघे, आणि मग चांगली उजवीकडे, वाईट डावीकडे. त्याने डावीकडे टाकली की ती वितळवायला गेली. त्याला कोणी कारण विचारत नसे. आयुष्यात त्याने कुणाला ‘मला माहीत नाही’ असं म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. घरात भाजी आळणी झाली तरी तो कारण सांगायचा.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला दारूगोळ्याच्या कोठाराचं छप्पर गळू लागलं. भरलेली काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या कुठे ठेवायच्या? कोणीतरी म्हणालं, घोड्यांच्या पागेच्या माळ्यावर ठेवू. पागा उबदार, खिडक्या लावल्या की चारी बाजूंनी बंद, पाण्याचा थेंब आत येत नाही. सगळ्यांना पटलं. काडतुसं माळ्यावर गेली.

पाऊस सरता सरता खिंडीत बिबट्या आला. पहारेकऱ्याने माळ्यावरून आलेलं काडतूस बंदुकीत घातलं आणि चाप ओढला. गोळी कुठे गेली ते देव जाणे, जाळ मात्र फुटलेल्या पुंगळीतून मागे आला. पहारेकऱ्याचा गाल भाजला. डोळा कसाबसा वाचला. बिबट्या वासरू घेऊन निवांत निघून गेला.

माळ्यावरची काडतुसं खाली आणली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. निम्म्याहून अधिक पुंगळ्यांच्या तोंडाशी केसासारखी बारीक उभी चीर होती. कोणी हात लावला नव्हता, कोणी झाडल्या नव्हत्या. बसल्या जागी तडकल्या होत्या.

राजा संतापला. “पितळ खोटं की काम खोटं?” त्याने पारख्याला विचारलं. “दसऱ्याच्या दरबारात सांगा. ज्याचा दोष असेल तो घरादारासकट राज्याबाहेर जाईल.”

तांबटाच्या तोंडचं पाणी पळालं. पारखी मात्र मान डोलावून घरी आला, आणि त्याचा गोंधळ तिथून सुरू झाला.

त्याने एक तडकलेली पुंगळी घेतली. तार आत घातली, खाच नाही. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. बूड घट्ट. चीर सोडली तर पुंगळीत खोड काढायला जागा नव्हती. मग त्याने एक न तडकलेली घेतली, ती आधीच्यापेक्षा जुनी आणि कितीतरी वेळा झाडलेली निघाली. जुनी शाबूत आणि नवी फुटलेली! त्याने कारण ठरवलं, की वजन कमी असेल. तराजूत घातली तर वजन सारखंच. मग ठरवलं, की दारू जास्त भरली असेल. पण चिरा तर रिकाम्या पुंगळ्यांनाही होत्या. एक विचार धरावा तर दुसरी पुंगळी तो मोडून टाकायची. शेवटी कुठली पुंगळी कुठल्या ढिगातली हेही त्याला आठवेना, आणि तो सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडत बसला.

तेवढ्यात भाजलेल्या पहारेकऱ्याची आई त्याच्या ओट्यावर आली. तिच्या हातात एक पुंगळी होती, तोंडाला चिंधीचा बोळा लावलेली. आत सुया होत्या.

“बुवा, ही बी त्याच तांबटाच्या हातची हाय,” ती म्हणाली. “पोरानं उन्हाळ्यात गुपचूप दिली मला सुया ठेवाया. त्याच खेपंची. हिला कायबी झालं न्हाई. मग बाकीच्यास्नी का झालं?”

पारख्याने ती फिरवून फिरवून पाहिली. तीच घडण, तोंडाशी तीच निळसर झाक, आणि चीर नाही. त्याच्या डोक्यात भुसा भरल्यासारखं झालं. त्याला खरं तर म्हणायचं होतं, की बाई, मलाही कळत नाही. शब्द ओठांपर्यंत आलेही.

“नशिबाने वाचली असेल,” तो म्हणाला आणि पुंगळी परत दिली.

मला या माणसाचा राग येतो आणि थोडी कीवही येते. कारण पुढे त्याने जे केलं ते त्याने दुष्टपणाने केलं नाही. दसरा उंबरठ्यावर आला होता, उत्तर सापडत नव्हतं, आणि उत्तर नाही असं सांगायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

दरबार भरला. राजाने आधी तांबटाला विचारलं, “का तडकल्या?”

तांबट हात जोडून म्हणाला, “महाराज, लई इचार केला. मला न्हाई कळत. माझ्या हातनं जशा दरसाली जातात तशाच गेल्या व्हत्या.”

दरबारात कुजबुज झाली. ज्याचं काम त्यालाच कळत नाही म्हणजे पाणी मुरतंय, असं लोकांच्या मनात आलं. मग राजाने पारख्याकडे पाहिलं. साऱ्या दरबाराने पाहिलं. पारख्याने हातातल्या पुंगळीकडे पाहिलं. चीर तोंडाशी होती. निळसर झाकही तोंडाशीच होती.

“महाराज,” तो म्हणाला, “हा पितळ जाळतो. जिथे जाळलं तिथेच फुटलं.”

किती सोपं वाटलं सगळ्यांना! प्रत्येकाला ती झाक दिसत होती, ती चीर दिसत होती. माना डोलल्या. सुया ठेवणारी बाई मागे उभी होती, ती काहीतरी बोलू लागली, पण तिचा आवाज पुढपर्यंत पोचला नाही. पारख्याला ती दिसली. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

तांबट बायको, पोरं आणि फुंकणी घेऊन खिंड ओलांडून गेला.

पुढच्या वर्षी दूरच्या शहरातून नव्या पुंगळ्या आणल्या. पिवळ्याधमक, कुठेही डाग नाही, कारण त्यांना शेकच दिलेला नव्हता. तसं पारख्यानेच बजावून सांगितलं होतं. कोठाराचं छप्पर अजून तसंच होतं. सरकारी काम म्हटल्यावर ते त्याच्या वेळेनेच व्हायचं. काडतुसं भरून पुन्हा माळ्यावर गेली. ऐन श्रावणात पारख्याने सहज चार खाली मागवली.

चारही काडतुसांच्या पुंगळ्या तडकलेल्या होत्या.

पारख्याने एकेक पुंगळी उजेडात धरून पाहिली. शेक नाही, झाक नाही, तांबट नाही. मग आता कोणी फोडल्या? दुपारभर तो अंगणात फेऱ्या मारत राहिला, आणि मग कुणाला न सांगता पागेकडे गेला. त्याने दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं तशी त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

“दार उघडं ठेव,” कोणीतरी म्हणालं.

ती हरणी नावाची म्हातारी घोडी होती. या गोष्टीतल्या माणसांची नावं विसरली गेली, घोडीचं तेवढं राहिलं.

“हा कसला वास?” पारख्याने नाक दाबून विचारलं.

“आमचाच,” हरणी म्हणाली. “पूर्वी खिडक्या उघड्या असायच्या. तुमचा माल वर ठेवल्यापासून ओल नको म्हणून सगळं बंद करून ठेवता. मुताची वाफ कोंडते आणि वर चढते. माझे डोळे चुरचुरतात, शिंगराला खोकला झालाय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलं कोणी?”

पारख्याने वर पाहिलं. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून पितळ दिसत होतं. जी वाफ घोडीचे डोळे जाळते ती पितळाचं काय करत असेल, ते त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने चटकन कारण ठोकून दिलं नाही. नव्या, अजून न तडकलेल्या पुंगळ्यांतल्या काही त्याने घरी फडताळात ठेवल्या, काही माळ्यावरच राहू दिल्या, आणि वाट पाहिली. पाऊस सरला तेव्हा माळ्यावरच्या तडकल्या होत्या आणि फडताळातल्या शाबूत होत्या.

त्याने दरबारात जाऊन सगळं सांगितलं. सुयांची पुंगळी माळ्यावर कधी गेलीच नव्हती, हेही सांगितलं. “तांबटाला परत आणा,” राजा म्हणाला. “तुम्हीच जा.”

पारखी खिंड ओलांडून गेला. परक्या गावात तांबट हंडे ठोकत बसला होता. पारख्याने त्याचे पाय धरले आणि पागेची सगळी हकीकत सांगितली.

“असं व्हय,” तांबट म्हणाला. “वाफंनं! मला तर सपनात बी आलं नसतं.”

“परत चल दादा. घर आहे, मान आहे.”

“पोरं इथं रुजली आता, बुवा. बायकोला तर तिकडचं नावबी नको वाटतं. जाळणारा म्हणून वाटंत लोकांनी पाणी दिलं न्हाई आमास्नी.” तांबटाने हातोडी खाली ठेवली. “एक विचारू? त्या दिवशी तुमास्नी ठाऊक व्हतं का?”

“नव्हतं.”

“मला बी नव्हतं. मी तसं बोललो. तुमी बी बोलला असता, तर दोघांनी मिळून हुडकलं असतं की.”

पारखी रिकाम्या हाताने परत आला.

कोठाराचं छप्पर नीट झालं, पागेच्या खिडक्या उघडल्या, हरणीचे डोळे बरे झाले. पण शेक देणारा हात त्या राज्याला पुन्हा मिळाला नाही. पुंगळ्या दोनतीनदा झाडल्या की कडक होऊन फुटत, आणि हळूहळू खिंडीतल्या बंदुका भिंतीला टांगल्या गेल्या. पहारेकरी काठ्या घेऊन बसू लागले. बिबट्या येत राहिला.

बोध एवढाच: कळत नसेल तर कळत नाही म्हणावं, आपला गोंधळ झाकायला दुसऱ्याच्या माथी दोष मारू नये.